पाखरांचा कुणगा

खालच्या मळ्यातले आमचे कुणगे, म्हणजे बांधांनी आखलेली भाताची शेतं, बरीच वर्षं पडीक आहेत आणि तिथे मी पाखरांसाठी काहीतरी पेरायचं म्हणतेय, असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग पेरणार काय?" मुंबईतल्या मैत्रिणी हेच विचारतात, कुडाळच्या बाजारात बियाणं विकणारा हेच विचारतो, फॅमिली ग्रुपवर तर बाजरीपासून सूर्यफुलापर्यंत मतदान होऊन गेलं. मला मात्र वाटायला लागलंय की ओल्या, गवताळ, सखल जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी पाणी. कुठून येतं, किती चढतं, किती दिवस बसून राहतं आणि जाताना कुठून जातं. एवढं कळलं की काय पेरायचं याचं निम्मं उत्तर जमीनच देते, आणि उरलेलं निम्मं काकी देते, तिला कोणी विचारलेलं नसलं तरी.

जागा सांगते. कुडाळ आणि मालवणच्या मधे कुठेतरी धरा. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, त्याच्या खाली भरड, म्हणजे पाणी न धरणारी वरकस जमीन, भरडाच्या उतारावर काजूआंब्याची कलमं आणि अगदी तळाला मळा, म्हणजे ओलीची भातजमीन, मळ्याच्या एका अंगाने वहाळ, म्हणजे ओढा. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यातच पडून घेतो. कातळावरचा पाऊस मुरायला थांबत नाही, खाली धावतो, आणि जो काही भेगांतून आत जातो तो श्रावणाच्या आसपास भरडाच्या पायथ्याशी उपळ, म्हणजे झरा, होऊन फुटतो. म्हणजे आमच्या कुणग्यांत पाणी वरून पडतं, बाजूने वाहत येतं आणि खालून फुटतंही, शिवाय वहाळ फुगला की तो मेर, म्हणजे बांध, ओलांडून स्वतःच येऊन बसतो. आजोबांच्या काळात इथे पावसाळ्यात भात आणि नंतर वहाळावर दगडमातीचा बंधारा घालून वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, असं दोनदा पीक निघायचं. मग माणसं मुंबईला गेली. मळ्यातली लावणी हाताचीच असते, गुडघाभर चिखलात मशीन उतरत नाही, आणि मजूर मिळाला तरी तो आधी रस्त्याकडेची सोपी शेतं घेतो. सगळ्यात आधी खालचे कुणगे सुटले, मग भरड, मग कोणी विचारायचं सोडलं.

आज तिथे छातीएवढं गवत आहे. वरच्या कडेला हरळी आणि लव्हाळा, मधे नुसतं दाट पाणगवत, वहाळाच्या तोंडाशी पाणकणसाचं बेट आणि मेरेवर जिथे तिथे बेशरमची झुडपं. लांबून बघितलं तर हिरवंगार, फोटोला झकास. पण आत शिरून बघितलं की कळतं, हे एकाच गवताने सगळं खाऊन टाकलेलं रान आहे, खाली पाणी दिसत नाही, चिखल दिसत नाही, ढोकरीला, त्या मातकट छोट्या बगळ्याला, उभं राहायला जागा नाही. कडेला पांढऱ्या छातीची पाणकोंबडी तेवढी ओरडत असते.

ही कल्पना डोक्यात आली ती अमेरिकेतले व्हिडिओ बघून, लपवण्यासारखं काही नाही त्यात. तिकडे फूड प्लॉट म्हणजे मोठा उद्योग आहे. हरणांसाठी क्लोव्हर, चिकोरी, ओट असलं लावतात, त्यासाठी माती तपासतात, चुना टाकतात, गवत ग्लायफोसेटने मारतात, आणि एवढं सगळं करून शेवटी मचाणावर बंदूक घेऊन बसतात. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यामुळे शेवटचा भाग आपोआप गळतो आणि तो गळला की सगळं गणितच बदलतं. तिथे प्राणी एका ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत यावा म्हणून पेरतात. मला कोणी यायलाच पाहिजे असं नाहीये. पण त्याच व्हिडिओंमधे बदकांसाठी पाणथळ तयार करणारे लोक आहेत, आणि ते मला आपल्या मळेवाल्यांसारखे वाटले. ते फार नांगरतच नाहीत. फळ्या काढून पाणी हळूहळू उतरवतात, उघड्या पडलेल्या चिखलावर जापनीज मिलेट फेकतात, म्हणजे आपल्या साव्याचीच बहीण, किंवा काहीच न फेकता चिखलात आधीच पडून असलेलं बी उगवू देतात, ते पिकलं की थंडीच्या तोंडावर परत पाणी चढवतात. हे बघून मी काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "ह्यात नवीन काय हा? आमी रहू करू तेव्हा ह्याच करू."

आणि खरंच की. रहू म्हणजे भात भिजवायचं, दडपून मोड आणायचे आणि लावणीच्या भानगडीत न पडता थेट चिखलावर फेकायचं. खारजमिनीत हे आजही करतात, मनुष्यबळ नसलं की गोड्या मळ्यातही करतात.

तर पाणी. जमीन उन्हाळ्यात बघून ठरवू नये असं माझं स्पष्ट मत झालंय, एप्रिलमधे सगळे कुणगे सारखेच दिसतात, भेगाळलेले आणि बिनकामाचे. जुलैत गमबूट घालून, हातात काठी घेऊन मेरेमेरेने चालायचं. गमबूट हौस म्हणून नाही, आपल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोकं वर काढतो, उंदराच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाला साधी चीर असली तरी आत शिरतो. मळ्यात काम करून ताप आला तर अंगावर काढू नये, सरळ आरोग्य केंद्रात जाऊन चिखलात काम केल्याचं सांगावं. काठी दोन कामांची, एक तर पाणी किती खोल आहे ते कळतं, दुसरं म्हणजे गवतातल्या मंडळींना आपण येतोय हे कळतं. मळ्यात बहुतेक वेळा दिवड असते, ती बिनविषारी, नुसती रागीट, पण घोणसही असते आणि तिच्याशी ओळख वाढवायची मला इच्छा नाही.

मेरेवरून चालताना आमच्या तिसऱ्या कुणग्याच्या कोपऱ्यात पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला, इंद्रधनुष्याचे रंग वगैरे. पहिला संशय कोणीतरी पंपाचं डिझेल सांडल्याचा. पण काडी घेऊन त्यात रेघ मारली तर तवंग काचेसारखा तडकला, तुकडे अलग अलग तरंगत राहिले. डिझेल असतं तर रेघ बुजून परत जुळून आलं असतं. हा तवंग लोखंडाचा. जांभ्या दगडाच्या मुलखात मातीत लोह भरपूर, आणि पाणी साचून राहिलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो, मग ते लोह विरघळून पाण्यात येतं, उपळीच्या तोंडाशी हवा लागली की त्यावर जगणारे जिवाणू त्याचा परत गंज करतात. तिथेच कोपरभर खड्डा काढला तर माती वर राखाडी, खाली निळसर, आणि गवताच्या मुळ्या जिथून गेल्यात तिथे तिथे लालकेशरी रेघा. त्या रेघा म्हणजे मुळांनी आपल्या पोकळ देठातून खाली नेलेल्या हवेची खूण, वरून हवा आणून चिखलात श्वास घ्यायची सोय या गवतांनी करून ठेवलेली असते. ही माती बघितली की दुसरं काही तपासायची गरज नाही. इथे वर्षातले कित्येक महिने पाणी बसतं आणि इथे चवळी, मूग, कुळीथ असलं काही पावसात जगणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चुन्याचं पण असंच. कोकणातली माती आंबट, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघणारा प्रत्येकजण चुन्याच्या गोणी आणायला निघतो. क्लोव्हरसाठी ते ठीक आहे. पण आंबट जमीन काही आठवडे पाण्याखाली राहिली की तिचा आंबटपणा आपोआप उतरतो, ती जवळपास मधल्या पातळीवर येते. भाताच्या माणसांना म्हणूनच कधी चुन्याची फार आठवण होत नाही. ते पैसे मी मेरेत घातले.

कारण मेर हेच खरं काम आहे. आमच्या मेरा खेकड्यांनी पोखरलेल्या, बेशरमच्या मुळांनी फुगलेल्या, एका ठिकाणी तर म्हशींनी रस्ताच पाडलेला. मेर धड नसेल तर पाणी तुम्ही थोपवतही नाही आणि सोडतही नाही, ते आपल्या मर्जीने वागतं. मातीची ढेकळं, तण आणि चिखल थापून मेर घालायची, पायाने दाबत जायची, आणि पाणी काढायच्या वाटेवर दोन चिऱ्यांच्या मधे फळ्या बसवायच्या, एकावर एक, म्हणजे एकेक फळी काढून पाणी बोट बोट उतरवता येतं. पूर्वी इथे दगड आणि पेंढा कोंबायचे, ते मोकळं करायला गेलं की सगळं पाणी एकदम जायचं. फळ्या सुताराकडून ऐनाच्या करून घेतल्या. काकीला हा खर्च मुळीच पटलेला नाही.

बोट बोट का, ते सांगते, कारण मला या सगळ्यात जे कळलं ते एवढंच आहे. "वन्यजीवांसाठी पेरणं" असं आपण म्हणतो तेव्हा जणू वन्यजीव नावाचा एकच पाहुणा आहे. नुसता ओला चिखल आणि वर पाण्याचा पातळ थर असेल तर थंडीत तुतवार, धोबी, पाणलावा येतात, चोच खुपसून किडे काढायला. घोट्याएवढ्या पाण्यात ढोकरी आणि बगळे. वीतभर पाणी आणि कडेला दाणे असले तर अडई, ती आपली शीळ घालत येणारी छोटी बदकं, ती संध्याकाळी उतरतात. इथून धामापूरचा तलाव तसा फार लांब नाही, 1530 सालचा तो, अजून भरलेला, त्यामुळे पाणपक्ष्यांना या भागात कुणी रस्ता दाखवायची गरज नाही. पाणी पूर्ण उतरून गवत उभं राहिलं की मुनिया आणि सुगरणी, होले, लावे. म्हणजे मी बी तेच टाकलं, जागा तीच ठेवली आणि फळी एक वर किंवा एक खाली केली तर येणारी मंडळी बदलतात. चार कुणगे आहेत, चौघांत पाणी वेगवेगळ्या उंचीवर ठेवता येतं, हे मला लॉटरी लागल्यासारखं वाटतंय.

आता नको असलेले पाहुणे. यावर काकीचं आणि माझं जुंपलं होतं, म्हणजे ती बोलत होती आणि मी ऐकत होते.

"अगो चेडवा, पाखरांक पेरतंस ता बरा, पण डुकरांक आवताण कित्याक?"

मी म्हटलं, काकी, आपण पाटी लावूया, फक्त पाखरांसाठी.

"डुकरांक वाचूक येता काय गो?"

विनोद बाजूला, पण ती शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या मळ्याच्या पलीकडे लोकांची रताळी आहेत, भुईमूग आहे, परसात कणगराचे कंद आहेत. रानडुकराला लव्हाळ्याच्या गाठीही पुरतात, एका रात्रीत कुणगा नांगरल्यासारखा उलटा करून जातात, आणि एकदा रस्ता पडला की ती आमच्या हद्दीत थोडीच थांबणार. माकडांनी तर आधीच निम्म्या गावाला भाजीपाला सोडायला लावलाय. आणि हा जिल्हा असा आहे की 2002 साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि तिथल्या केळी-माडाच्या बागायतदारांचं आयुष्यच बदललं. शहरात बसून "जनावरांना खायला घाला" म्हणणं सोपं आहे. म्हणून मका नाही, रताळं नाही, कसलेही कंद नाहीत, भुईमूग नाही, केळ तर नाहीच नाही. जे काही पेरायचं ते बारीक दाण्याचं, उभ्या देठावर पिकणारं, आणि होता होईल तेवढं पाण्यात उभं. डुक्कर पाण्याला घाबरत नाही हे मला माहितीये, पण बारीक दाण्यासाठी चिखलात रात्र घालवण्यापेक्षा त्याला बाहेर बरंच काही चांगलं मिळतं.

गवताचं काय करायचं यावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं, मारून टाक. तणनाशक मार, महिन्याभरात साफ. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने 2022 मधे निर्बंध घातले, प्रशिक्षित फवारणी करणाऱ्यांमार्फतच वापरा म्हणून, पण निर्बंध नसता तरी मी मळ्यात मारलं नसतं. कारण बेडूक. पहिल्या मोठ्या पावसात आमच्या मळ्यात पिवळेधमक बैलबेडूक निघतात, नर, गालाला निळ्या फुग्या, आणि रात्रभर असा गोंगाट करतात की मोबाइलवर बोलता येत नाही. या औषधांत पानाला चिकटण्यासाठी जे मिसळतात ते बेडकांच्या पिलांना घातक असतं. 1987 पर्यंत आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या, मग सरकारने ती निर्यात बंद केली, आता तेच बेडूक आपण वीस लिटरच्या पंपाने मारायचे, आणि तेही कशासाठी तर वन्यजीवांची सोय करायला!

शिवाय गवत मारायला पाणी पुरतं. वर म्हटलं ना, ही पाणगवतं देठातून मुळांना हवा पोचवतात. तो देठ जमिनीलगत कापला आणि वर पाणी चढलं की नळी बुडते, मुळं गुदमरतात. पाणकणसाला तर हेच औषध लागू पडतं, नुसता शेंडा छाटून काही होत नाही, तो दुप्पट जोमाने येतो. मात्र वेळ गाठायला हवी. भर पावसात कापायला गेलं तर पाणकोंबड्या, सुगरणी, मुनिया सगळ्यांची घरटी त्याच दिवसांत असतात. म्हणून मेच्या शेवटी, पाऊस टेकायच्या जरा आधी, जमीन कडक असताना ब्रशकटरने अगदी बुडातून कापायचं आणि मग पाण्याने आपलं काम करायचं. त्या दिवसांतही टिटवी उघड्यावर अंडी घालते, तेव्हा मशीन चालवायच्या आधी एक फेरी मारावी लागते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून शिव्या द्यायला लागली की तेवढा तुकडा सोडून द्यायचा, वाद घालायचा नाही.

कापलेलं गवत कुणग्यातच पडू दिलं तर ते पाण्यात कुजतं, उरलासुरला प्राणवायू खातं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि त्यात टाकलेलं बी मोडासकट काळं पडतं. बरंचसं गवत आम्ही कलमांच्या बुडाशी आच्छादन म्हणून नेलं, थोडं शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेलं, एक ढीग मुद्दाम कडेला ठेवला, बेडूक आणि सापसुरळ्यांसाठी. बेशरमचं मात्र वेगळं. ती कापायची नाही, उपटायची, आणि उपटलेली मेरेवर टाकायची नाही, कारण तिचा वीतभर तुकडा ओल्या मातीला टेकला की परत झाड. सगळी ओढून वर सड्यावर नेऊन कातळावर वाळत घातली. पोरांना याचे पैसे जास्त द्यावे लागले, चिकामुळे हात खाजतात म्हणे.

सगळं गवत काढलेलं नाही, हे आवर्जून सांगते. वहाळाकडचा पट्टा, जवळजवळ एक अख्खा कुणगा, तसाच उभा आहे. पाणकोंबडीला लपायला तेच लागतं, सुगरणीला घरट्याच्या पात्या तिथूनच मिळतात, आणि खरं सांगायचं तर त्या गवताचं बी हाच अर्ध्या पाखरांचा घास आहे. पेरणीच्या नादात हे विसरायला होतं. मुनियांचा थवा गवताच्या तुऱ्यावर बसतो तेव्हा बघा, एकेक पाखरू देठाला लटकतं, देठ वाकतो, मग पायाखाली तो देठ धरून चोचीने तुरा दोन्हीकडून ओरपत जातं, फोलपटं खाली आणि दाणा पोटात. कोणी पेरलेला नाही तो.

पेरायच्या यादीत पहिलं नाव देवभाताचं आहे. हे रानभात, तळ्याकाठी, डबक्यांत आपणहून उगवणारं, ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून ज्याला एक दिवस भाव येतो ते. शेतकरी त्याला तण म्हणून शिव्या घालतो, कारण दाणा पिकला की कणसावर थांबत नाही, झडतो, लांब कुसळासकट चिखलात जाऊन रुततो आणि पुढच्या वर्षी परत उगवतो. शेतीत जो दुर्गुण तोच मला हवाय. एकदा बसलं की दरवर्षी पेरायला नको, आणि झडलेला दाणा उथळ पाण्यात अडईला सापडतो. पण ते मी सगळ्यात खालच्या कुणग्यातच ठेवणार आहे, कारण वरच्या बाजूला अजून भात करणारी दोन घरं आहेत आणि त्यांच्या भातात हे घुसलं तर मला गावात तोंड दाखवायला नको.

मधल्या कुणग्यात सोरटी, रहू पद्धतीने. लाल तांदळाचं जुनं भात, पेजेचं, खताची हाव नसलेलं. त्यातलं थोडं कापून घरी आणायचं आणि बाकीचं उभंच सोडायचं, असा काकीशी तह झालाय. उभं पीक सोडणं तिच्या जिवावर येतं. "पिकलेला भात कापूक नाय म्हणजे लक्ष्मीक लाथ," असं तिचं म्हणणं. पण तीच बाई नव्याच्या दिवशी, नवं भात घरात येतं तेव्हा, दाराला लोंबी बांधते आणि चिमण्या येऊन खातात तेव्हा कोणी हुसकलं तर ओरडते, हे मी तिला दाखवून दिलं. त्यावर ती म्हणाली की दाराची लोंबी वेगळी आणि कुणगो वेगळो. असेल. तह टिकलाय.

सगळ्यात वरच्या कुणग्यात, जिथे पाणी आधी उतरतं, तिथे पावसाळ्यानंतरचं काम. इथे घाई नडते. ऑक्टोबरात ऊन पडलं, वरची माती सुकलेली दिसली की हात शिवशिवतात, पण खाली अजून लोणी असतं. तेव्हा नांगर घातला तर तव्यासारखी ढेकळं निघतात आणि ती वाळली की कुदळीने फुटत नाहीत. वाफसा यायला थांबायचं. मातीचा गोळा मुठीत दाबायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पसरला, तसाच चिकटून बसला तर अजून थांबा, पडून भुगा झाला तर लगेच पेरा, एवढं साधं आहे. आमच्याकडे ही वेळ नोव्हेंबरात कधीतरी येते आणि थोडेच दिवस राहते. मग हलकी नांगरणी करून चवळी, मूग, कडेने कुळीथ, उरलेल्या ओलीवर. याची पानं सशांनी खाल्ली तर खाल्ली, फुलांवर मधमाश्या येतील, शेंगा तडकून पडल्या की होले आणि लावे आहेतच. मोरही येतात, मोर तर काकीच्या परसातही येतात आणि तिथे त्यांचं स्वागत चपलेने होतं.

जाता जाता एक कायद्यातली गंमत. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातशेती पाणथळ म्हणून धरलेली नाही, वगळलेली आहे. कारण समजू शकतं, नाहीतर प्रत्येक शेतकऱ्याला मेर घालायलाही परवानगी काढावी लागली असती. पण त्यामुळे होतं असं की असा मळा पडीक राहिला तर तो महसुलाच्या भाषेत पडीक, आणि भरावाचे डंपर आले की कोणी अडवायला नाही. हायवेच्या आसपास हे आता रोज दिसतं, लाल मातीचा भराव, त्यावर प्लॉट पाडलेले, आणि पहिल्याच पावसात शेजारच्या घरात पाणी, कारण ते जिथे बसायचं ती जागाच बुजवलेली. आम्हालाही एकाने विचारलं होतं, चांगला भाव देत होता.

कुदळ मारायच्या आधी काकीच्या हट्टाने गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला, शेजारच्या आबांनी हात जोडून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, सांगितलं की ही पोर मुंबैसून इली हा, पाखरांसाठी काहीबाही करता हा, तिका सांभाळून घे, आणि आम्ही सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. मग नारळ फोडून झाल्यावर आबांनी विषय काढला, आणि तो खरा महत्त्वाचा होता. वरचं पाणी त्यांच्या कुणग्यातून माझ्यात येतं आणि माझ्यातून वहाळात जातं. मी फळ्या लावून पाणी धरलं तर त्यांचा कुणगा उशिरा सुकणार, त्यांचं कुळीथ मागे पडणार, आणि नोव्हेंबरचे ते थोडे दिवस हुकले तर त्यांचं वर्षभराचं पिठीचं कुळीथ गेलं. त्यांचं बरोबर होतं. माझी अडई एक दिवस धामापूरला गेली तर काही बिघडत नाही.

तर ठरलंय असं: दसऱ्यापर्यंत वरच्या दोन फळ्या माझ्या, त्यानंतर त्या आबांनी म्हटलं की काढायच्या, कारण न विचारता. खालच्या दोन फळ्या होळीपर्यंत माझ्याच. वरच्या कुणग्याच्या मेरेला बाहेरून एक चर काढायचा म्हणजे त्यांचं पाणी माझ्याकडे न येता सरळ वहाळात जाईल. चराची जागा माझी, मजुरी अर्धी अर्धी, असं मी म्हणतेय. आबा म्हणतायत की पाखरं माझी तर मजुरीही माझीच. यावर अजून बोलणं चालू आहे, आणि मेच्या आत मिटलं नाही तर चर मीच काढून घेणार आहे, पाऊस काही आमच्यासाठी थांबत नाही.